खाजगी विद्यापीठ काढायचं आहे? पहिल्या बैठकीपासून पहिल्या पदवीपर्यंत

शिक्षणसंस्था चालवणारी मंडळी सल्ल्यासाठी येतात तेव्हा बहुतेकांच्या पिशवीत आर्किटेक्टने काढलेलं रंगीत चित्र असतं. मोठी कमान, हिरवळ, मधोमध प्रशासकीय इमारत. मी ते चित्र नीट पाहतो, कारण त्यामागे कुणाची तरी वीस-पंचवीस वर्षांची मेहनत असते. एका खोलीतल्या बालवाडीपासून सुरुवात करून तीन महाविद्यालयांपर्यंत पोचलेली माणसं असतात ती. पण चित्र बाजूला ठेवून मी दोन गोष्टी मागतो: जागेचा सातबारा आणि संस्थेची अद्ययावत परिशिष्ट-१ची प्रत, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेला धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा उतारा. गाडी पुढे जाणार की अडकणार, हे बऱ्याचदा या दोन कागदांवरूनच कळतं.

मी आधी एका सार्वजनिक विद्यापीठाच्या परीक्षा विभागात आणि नंतर एका नव्या खाजगी विद्यापीठाच्या कुलसचिव कार्यालयात काम केलं. हा लेख या क्षेत्रात पहिल्यांदाच उतरणाऱ्या विश्वस्तांसाठी आहे, आणि अशा विद्यापीठात नव्याने रुजू होणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठीही. मी मुख्यतः महाराष्ट्रातली पद्धत सांगतो आहे. दुसऱ्या राज्यात तपशील बदलतात, सांगाडा तोच राहतो.

विद्यापीठच हवं आहे का, हे आधी ठरवा

‘आम्हाला विद्यापीठ करायचंय’ असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना खरं तर स्वतःचा अभ्यासक्रम आखण्याची मोकळीक हवी असते. ती स्वायत्त महाविद्यालयालाही मिळते. अभ्यासक्रम तुमचा, परीक्षा तुमची, पदवी मात्र संलग्न विद्यापीठाची. एकापेक्षा जास्त नावाजलेली महाविद्यालयं असतील तर त्यांनी एकत्र येऊन समूह विद्यापीठ होण्याचा मार्ग आहे. साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ तसं उभं राहिलं. एखाद्या विषयात दीर्घ काम असलेली संस्था अभिमत दर्जासाठी, म्हणजे विद्यापीठ मानलं जाण्यासाठी, अर्ज करू शकते. तो दर्जा यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, सल्ल्यावरून केंद्र सरकार देतं. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० सालची, पण तिला अभिमत दर्जा मिळाला १९९३ मध्ये. टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १९२१ची, अभिमत दर्जा १९८७चा.

खाजगी विद्यापीठ या सगळ्यांहून वेगळं. ते राज्याच्या विधिमंडळाच्या कायद्याने जन्माला येतं, आणि पदवीवर सही त्याच्याच कुलगुरूंची असते. १९५६च्या यूजीसी कायद्याची चार कलमं पाठ करून ठेवा. कलम २(फ) विद्यापीठाची व्याख्या करतं. कलम ३ अभिमत दर्जाचं. कलम २२ सांगतं की पदवी देण्याचा अधिकार कोणाला आहे. आणि कलम २३ म्हणतं की कायद्याने स्थापन न झालेल्या संस्थेने आपल्या नावात ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द लावायचा नाही. कायदा होण्याआधीच फलक रंगवून घेणारे उत्साही लोक मी पाहिलेत. तो फलक तेवढा उतरवून ठेवा.

महर्षी कर्व्यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केलं तेव्हा पाच विद्यार्थिनी होत्या आणि सरकारी मान्यता नव्हती. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपयांची देणगी दिली, त्यांच्या मातोश्रींचं नाव विद्यापीठाला लागलं, तेच आजचं एसएनडीटी. कायद्याची मान्यता मिळाली ती थेट स्वातंत्र्यानंतर. मधली तीसहून अधिक वर्षं तिथल्या मुलींनी जी पदवी घेतली ती कर्व्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून. आज कायदा तसं करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण पदवी हा अजूनही विश्वासावर चालणारा कागद आहे, हे मनात पक्कं ठेवून पुढची पायरी चढा.

कायदा का लागतो: छत्तीसगडचा धडा

२००२ साली छत्तीसगडने एक कायदा केला. त्यानुसार सरकारने नुसती अधिसूचना काढली की खाजगी विद्यापीठ स्थापन व्हायचं. बघता बघता शंभरावर विद्यापीठं झाली. कित्येकांकडे ना इमारत होती, ना ग्रंथालय. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्याची मूळ कलमंच रद्द केली. त्या कलमांखाली स्थापन झालेली सगळी विद्यापीठं एका दिवसात संपली. विद्यार्थ्यांचं नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्था राज्यातल्या जुन्या विद्यापीठांशी संलग्न करून घेण्याची वाट न्यायालयाने दाखवली.

हा निकाल नवख्या माणसाने एकदा तरी पूर्ण वाचावा. शासनाची छाननी समिती तुम्हाला जे खोचक प्रश्न विचारते, त्यातले बरेचसे या निकालातूनच आलेले आहेत.

यूजीसीने खाजगी विद्यापीठांसाठी २००३ मध्ये विनियम केले. त्यांतल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या. विद्यापीठ राज्याच्या कायद्याने व्हावं. ते एकात्म स्वरूपाचं असावं, म्हणजे शिकवणं, संशोधन, परीक्षा सगळं स्वतःच्या आवारात. आणि कामकाज राज्याच्या हद्दीत असावं. आवाराबाहेरचं केंद्र पाच वर्षं पूर्ण झाल्यावर, तेही परवानगीनेच. महाराष्ट्रात आधी प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळा कायदा होत असे. २०१४पासून असे बरेच कायदे झाले. २०२३ साली खाजगी विद्यापीठांची स्थापना व विनियमन यासाठी एकच अधिनियम आला. अर्ज करण्यापूर्वी त्याची अधिकृत मराठी प्रत मिळवा, सगळ्या विश्वस्तांनी एकत्र बसून ती वाचा. दोन संध्याकाळी जातील, पण नंतरचे कितीतरी गैरसमज टळतील.

प्रायोजक संस्था: घर आधी आवरा

विद्यापीठ स्थापन करण्याचा प्रस्ताव व्यक्ती देऊ शकत नाही. तो प्रायोजक संस्थेने द्यायचा असतो. नोंदणीकृत सोसायटी, सार्वजनिक न्यास किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. आपल्याकडे बहुतेक संस्था १८६०च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात.

इथे पहिली अडचण येते. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. प्रत्यक्षात काय होतं? एखादे काका वारतात, त्यांच्या जागी मुलगा बसतो, सह्या करू लागतो, आणि बदल अर्ज राहून जातो. किंवा दिलेला असतो पण दोन गटांच्या वादात तसाच पडून असतो. मग परिशिष्टावर दिवंगत माणसांची नावं आणि ठरावावर भलत्यांच्या सह्या. अशा संस्थेचा प्रस्ताव पहिल्याच टेबलावर थांबतो. म्हणून सगळे प्रलंबित बदल अर्ज निकाली काढा, मागच्या किमान तीन-पाच वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल दाखल झाले आहेत का ते पाहा, आणि संस्थेच्या घटनेत ‘विद्यापीठ स्थापन करणे’ हा उद्देश आहे का तेही तपासा. नसेल तर घटनादुरुस्ती आधी.

जागा

जागेवर थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

जमीन प्रायोजक संस्थेच्या नावावर, निर्वेध आणि सलग हवी. अध्यक्षांच्या नावावर, त्यांच्या पत्नीच्या नावावर किंवा ‘आपलीच आहे’ अशा चुलत्याच्या नावावर चालत नाही. शेतजमीन घ्यायची असेल तर बिगरशेतकरी संस्थेला कूळकायद्याच्या कलम ६३ खाली परवानगी लागते. संस्थेची जुनी जमीन दुसऱ्या न्यासाकडे वर्ग करायची असेल, अगदी तीन वर्षांहून (शेतजमीन असेल तर दहा वर्षांहून) जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानेही, तर धर्मादाय आयुक्तांची कलम ३६ची परवानगी आधी घ्यावी लागते. ही परवानगी नंतर मागून घेऊ, असं म्हणू नका.

माझ्या वाट्याला आलेला प्रसंग सांगतो. छाननी समिती आली होती. प्रयोगशाळा चकाचक, ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावलेली, चहापाण्याची व्यवस्था उत्तम. समितीतले एक ज्येष्ठ सदस्य कागद चाळत होते. सातबाऱ्याच्या पानावर ते थांबले. ‘इतर हक्क’ या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी शांतपणे विचारलं, ‘हे नाव कुणाचं?’ मूळ मालकाच्या बहिणीचं नाव तिथे राहिलेलं होतं. खरेदीखतावर तिची सही नव्हती, आणि फेरफार होऊनही नाव कमी झालेलं नव्हतं. बाई हयात होत्या, दुसऱ्या जिल्ह्यात नांदत होत्या, आणि त्यांना या व्यवहाराबद्दल कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी अडवणूक केली नाही, रीतसर हक्कसोडपत्र करून दिलं. पण त्या सगळ्यात आमचे पाच महिने गेले आणि ते शैक्षणिक वर्ष हुकलं. चूक आमची होती. त्या बाईंना आधी विचारायला हवं होतं, कागदासाठी म्हणून तर हवंच, आणि माणुसकी म्हणूनही.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या, प्रत्येक फेरफार क्रमांक उघडून वाचा, मोजणीची ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा सरकारी नकाशा) आणि प्रत्यक्ष कुंपण जुळतं का ते चालत जाऊन पाहा. विकास आराखड्यात त्या गटातून रस्ता जातो का, वरून उच्चदाब वाहिनी जाते का, ओढ्याची हद्द कुठवर आहे, बिनशेती आदेशात ‘शैक्षणिक’ वापर लिहिलाय का. पाण्याचा स्रोत कोणता? दोन हजार मुलांचं वसतिगृह टँकरवर चालत नाही.

प्रकल्प अहवाल, आणि त्यातलं गणित

प्रकल्प अहवाल बाहेरच्या एजन्सीकडून लिहून घेतात. घ्या, पण आकडे स्वतः मांडा. साधं गणित करून दाखवतो.

समजा चार वर्षांचा एक पदवी अभ्यासक्रम, ६० जागा, वार्षिक शुल्क एक लाख. कागदावर दिसतं की २४० विद्यार्थी, २ कोटी ४० लाखांचं उत्पन्न. पण ते चौथ्या वर्षी. पहिल्या वर्षी वर्गात जास्तीत जास्त ६० मुलं, आणि नव्या विद्यापीठाकडे पहिल्या वर्षी जागा भरत नाहीत. ४० आली तरी समाधान माना. म्हणजे ४० लाख. आता खर्च. सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगाचं मूळ वेतनच ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. भत्त्यांसह सरासरी ८० हजार धरा. सहा शिक्षकांचे वर्षाला ५७ लाख ६० हजार. प्रयोगशाळा, वीज, ग्रंथालय, कार्यालय, सुरक्षा यांतलं काहीही अजून मोजलेलं नाही, आणि एका अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी साडेसतरा लाखांची तूट आहे. असे दहा अभ्यासक्रम एकदम काढले तर?

ही तूट भरून काढायला पगार कापले जातात. शिक्षकाला कागदावर ८० आणि हातात ३० हजार, हा प्रकार इथूनच सुरू होतो आणि विद्यापीठाचा पाया तिथेच खचतो. त्यापेक्षा चार-पाच अभ्यासक्रमांनी सुरुवात करा. पहिल्या पाच वर्षांची तूट प्रायोजक संस्था कुठून भरणार ते अहवालात स्पष्ट लिहा. समितीला हे लपवलेलं दिसतंच. उघड लिहिलेलं असलं की विश्वास बसतो.

कायमनिधी ही वेगळी गोष्ट. तो कायद्यात सांगितलेल्या रकमेचा, ठेव म्हणून अडकवून ठेवायचा असतो. त्याचं व्याज वापरता येतं, मुद्दल नाही. विद्यापीठाने नियम मोडले किंवा ते मध्येच बंद पडलं तर शिकणाऱ्या मुलांचं पुढचं शिक्षण या पैशातून मार्गी लावता यावं, हा त्याचा हेतू. कर्ज काढून कायमनिधी भरण्याचा विचार डोक्यात आला तर तिथेच थांबा आणि दोन वर्षं वाट पाहा.

मंत्रालयातला प्रवास

प्रस्ताव उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे जातो. छाननी होते, समिती जागा पाहते. सगळं ठीक असेल तर इरादापत्र मिळतं. इरादापत्र म्हणजे मान्यता नव्हे. त्यात अटी असतात: एवढं बांधकाम, एवढी पुस्तकं, एवढा निधी, या मुदतीत. त्या पूर्ण केल्याचा अहवाल द्यायचा, पुन्हा पडताळणी, मग मंत्रिमंडळ, मग विधेयक. विधानसभा आणि विधानपरिषद अशा दोन्ही सभागृहांत ते मंजूर झालं, राज्यपालांची संमती मिळाली आणि राजपत्रात छापून आलं की विद्यापीठ झालं.

या काळात अधिवेशनाच्या तारखांवर लक्ष ठेवावं लागतं. नागपूरचं हिवाळी अधिवेशन हुकलं तर पुढचं अधिवेशन येईपर्यंत थांबणं आलं. राजपत्र हातात येईपर्यंत प्रवेशाची जाहिरात देऊ नका, एका मुलाकडूनही पैसे घेऊ नका. ‘विधेयक आलंच आहे’ या भरवशावर घेतलेले प्रवेश निस्तरताना मी पालकांचे चेहरे पाहिलेत.

कोण कोणाला काय विचारणार

आता विद्यापीठाच्या रचनेकडे. महाविद्यालय चालवलेल्या संस्थाचालकांना इथे जुनी सवय मोडावी लागते. महाविद्यालयात अध्यक्षांनी प्राचार्यांना बोलावून ‘असं करा’ म्हटलं की झालं. विद्यापीठात निर्णय मंडळं घेतात, आणि कोणतं मंडळ काय ठरवणार हे कायद्यात लिहिलेलं असतं.

सगळ्यात वर नियामक मंडळ. त्यात प्रायोजक संस्थेची माणसं, कुलगुरू, शासनाचा प्रतिनिधी आणि बाहेरचे जाणकार असतात. धोरण, अंदाजपत्रक, मोठे खर्च हे त्याचं काम. व्यवस्थापन मंडळ रोजचा कारभार आणि नेमणुका पाहतं. विद्यापरिषद शैक्षणिक बाबतीत अंतिम: कोणता अभ्यासक्रम, किती श्रेयांक (क्रेडिट), उत्तीर्णतेचे नियम काय. तिच्याखाली प्रत्येक विषयाचं अभ्यास मंडळ. वित्त समिती आणि परीक्षा मंडळ वेगळी.

अधिकाऱ्यांमध्ये कुलपती किंवा अध्यक्ष प्रायोजक संस्थेकडून येतात. कुलगुरू हे शैक्षणिक आणि प्रशासकीय प्रमुख. यूजीसीच्या २०१८च्या विनियमांत कुलगुरूपदासाठी प्राध्यापक म्हणून किंवा नावाजलेल्या संशोधन वा शैक्षणिक प्रशासनाच्या संस्थेत किमान दहा वर्षांचा अनुभव सांगितला आहे. कुलसचिव म्हणजे सगळ्या मंडळांचा सचिव आणि दप्तराचा राखणदार. परीक्षा नियंत्रक आणि वित्त अधिकारी यांना आपापलं स्वतंत्र काम.

माझं मत स्पष्ट आहे. पैसा आणि धोरण यांवर प्रायोजक संस्थेचा हक्क आहे. तिने जोखीम घेतलेली असते. पण विद्यापरिषद आणि परीक्षा विभाग या दोन खोल्यांत घरच्या माणसांनी जाऊ नये. अध्यक्षांच्या मुलाला परीक्षा नियंत्रक केलेलं विद्यापीठ पाच वर्षांनी कोणत्याही चांगल्या प्राध्यापकाला थांबवून ठेवू शकत नाही. तिथे गैरप्रकार होतोच असं नाही, पण संशय आला की तो निघत नाही.

कुलगुरूंची नेमणूक इमारत पूर्ण होण्याची वाट न पाहता करा. भिंती उभ्या राहण्याआधी ते आले तर प्रयोगशाळा कुठे, ग्रंथालय किती मोठं, दोन विभागांनी एकच यंत्र वापरायचं का, हे ठरवायला शैक्षणिक डोकं मिळतं. नंतर आले की ते आयत्या खोल्यांत अभ्यासक्रम कोंबत बसतात.

पहिले परिनियम, म्हणजे विद्यापीठाच्या अंतर्गत कारभाराचे नियम, तयार करून शासनाच्या मान्यतेला पाठवायचे असतात. दुसऱ्या विद्यापीठाचे उतरवून घेतले की त्यात त्यांच्या चुकाही येतात. एका मसुद्यात आम्हाला भलत्याच विद्यापीठाचं नाव सातव्या पानावर सापडलं होतं. पहिल्या दिवसापासून प्रत्येक सभेची विषयपत्रिका, हजेरीच्या सह्या आणि इतिवृत्त ठेवा. इतिवृत्त सभेनंतर आठवड्याच्या आत फिरवा, पुढच्या सभेत कायम करा. हे कंटाळवाणं वाटेल. पण तीन वर्षांनी एखाद्या मुलाच्या पदवीवर प्रश्न आला तर ‘हा अभ्यासक्रम विद्यापरिषदेने अमुक तारखेला मंजूर केला’ ही एक ओळ त्याचं भविष्य वाचवते.

जुन्या महाविद्यालयांचं काय?

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. विद्यापीठ झालं म्हणजे संस्थेची आधीची महाविद्यालयं आपोआप त्याची होत नाहीत. खाजगी विद्यापीठाला महाविद्यालयं संलग्न करून घेता येत नाहीत. जुनं महाविद्यालय सार्वजनिक विद्यापीठाशी संलग्न असेल तर तिथे आज शिकणाऱ्या प्रत्येक मुलाची पदवी त्याच विद्यापीठाची राहणार. ते महाविद्यालय नव्या विद्यापीठाच्या आवारात आणायचं असेल तर संलग्न विद्यापीठ, शासन आणि त्या अभ्यासक्रमाची व्यावसायिक परिषद या सगळ्यांच्या परवानगीने टप्प्याटप्प्याने नवे प्रवेश थांबवावे लागतात. अनुदानित पदं असतील तर आणखी गुंता. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ‘तुम्ही आता नव्या विद्यापीठाचे’ असं सांगून त्यांच्या गुणपत्रिका बदलू नका.

यूजीसी आणि व्यावसायिक परिषदा

राजपत्र आलं की यूजीसीला कळवायचं, विहित नमुन्यात माहिती द्यायची, त्यांच्या यादीत नाव यायला हवं. पुढे त्यांची तज्ज्ञ समिती पाहणीला येते. पदवीचं नाव यूजीसीने अधिसूचित केलेल्या नावांपैकीच असावं लागतं. आकर्षक म्हणून नवं नाव काढलं तर पुढे त्याचा फटका नोकरीच्या अर्जाच्या वेळी मुलाला बसतो.

विधी अभ्यासक्रमासाठी बार कौन्सिल, औषधनिर्माणशास्त्रासाठी फार्मसी कौन्सिल, बी.एड.साठी एनसीटीई (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद), वास्तुशास्त्रासाठी त्यांची परिषद, वैद्यकीयसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग. त्या त्या मान्यता विद्यापीठाच्या कायद्यात आपोआप येत नाहीत, प्रत्येकीचं वेळापत्रक निराळं असतं. भिंतीवर मोठी दिनदर्शिका लावून त्यावर सगळ्या अर्जांच्या शेवटच्या तारखा लाल शाईने लिहा. आम्ही तेच केलं होतं, संगणक असूनही.

पीएच.डी. सुरू करण्याची घाई करू नका. २०२२च्या विनियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. मार्गदर्शक पूर्णवेळ, तिथेच काम करणारे हवेत. तुमच्याकडे खरोखर किती आहेत ते मोजा. नॅकचं (उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासणाऱ्या परिषदेचं) मूल्यांकन मागायला दोन तुकड्या बाहेर पडलेल्या असाव्यात किंवा सहा वर्षं पूर्ण झालेली असावीत, यांतलं जे आधी होईल ते. पण त्यासाठी लागणारे कागद पहिल्या वर्षापासून साठवले तरच सहाव्या वर्षी धावपळ होत नाही.

शुल्क आणि मुलांचे हक्क

महाराष्ट्रात कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या शुल्काच्या वर पैसे, घेण्यास १९८७च्या कायद्याने बंदी आहे. पुण्याच्या इनामदार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी २००५ साली सांगितलं, की विनाअनुदानित संस्थेला आपलं शुल्क ठरवता येईल, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन चालणार नाही. विकासासाठी वाजवी शिल्लक ठेवा, ती शिक्षणातच परत घाला. पावतीशिवाय एक रुपयाही घ्यायचा नाही, हा नियम रोखपालाच्या टेबलावर लिहून लावा.

आरक्षण, शिष्यवृत्ती आणि शुल्कसवलत तुमच्याकडे कोणती लागू आहे ते माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर, मराठीत, ठळक छापा. गावाकडून आलेले पालक असं धरून चालतात की शेजारच्या महाविद्यालयात मिळणारी सवलत इथेही मिळेल. वर्षाच्या मध्यावर त्यांना खरं कळलं तर मुलगी शिक्षण सोडून घरी जाते. ती का गेली हे वर्गात कुणाला ठाऊकही नसतं.

रॅगिंगविरोधी समिती, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती, तक्रार निवारण समिती आणि २०२३च्या विनियमांनुसार लोकपाल, ही सगळी पहिली तुकडी येण्याआधी नेमलेली असावीत. सदस्यांचे फोन क्रमांक वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर लावा.

दप्तर

शेवटी माझ्या जिव्हाळ्याचा विषय. परीक्षा विभागात असताना पन्नाशीच्या एक बाई खिडकीवर आल्या. पुरात घर गेलं होतं, गुणपत्रिका वाहून गेल्या होत्या. अंगणवाडीतल्या बढतीसाठी त्यांना दुसरी प्रत हवी होती. त्यांना फक्त वर्ष आणि महाविद्यालय आठवत होतं, आसन क्रमांक नव्हता. आमच्या शिपायाने तळघरातून कापडी बांधणीची निकालाची वही काढली, धूळ झटकली, आणि अर्ध्या तासात त्यांचं माहेरचं नाव सापडलं. सव्वीस वर्षांपूर्वी कुणीतरी ते सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं.

नव्या विद्यापीठात हीच सोय पहिल्या परीक्षेपासून हवी. श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये आणि पदव्या डिजिलॉकरवर वेळेत चढवा. संगणकातल्या निकालाची प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. आणि तरीही प्रत्येक सत्राच्या निकालाची छापील, बांधलेली, पानं मोजून सह्या केलेली वही असू द्या. अग्निरोधक कपाटाची एक किल्ली कुलसचिवांकडे, दुसरी परीक्षा नियंत्रकांकडे. कोऱ्या पदवी-कागदांचा हिशेब क्रमांकानुसार, खराब झालेलेही जपून.

पहिल्या पदवीदानाच्या दीड महिना आधी प्रत्येक मुलाला त्याच्या पदवीचा कच्चा नमुना दाखवून सही घ्या. देवनागरीत नाव, रोमनमध्ये नाव, आईचं नाव, तिन्ही. आमच्या पहिल्या तुकडीत बहात्तर नमुने दाखवले आणि एकोणीस ठिकाणी दुरुस्ती निघाली. एका मुलीने स्वतःचं नाव वाचून झाल्यावर आईच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘सर, इथे ऱ्हस्व झालंय, आई दीर्घ लिहिते.’ आम्ही ते दीर्घ केलं आणि मग छपाईला पाठवलं.